मॉलमधला माइंडबेंडर अपघातामुळे बंद पडला का?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात एडमंटनला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने तिथला अवाढव्य मॉल दाखवला. त्या मॉलच्या छताखाली पूर्वी मोठा रोलर कोस्टर होता आणि त्यात माणसं तीन वेळा उलटी व्हायची, असं जावई सांगत होते. १९८६ साली त्यावर अपघात होऊन माणसं दगावली आणि तो बंद पडला, असंही ते म्हणाले. पण मुलीच्या मैत्रिणी सांगतात की त्या अलीकडेपर्यंत त्यात बसत होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? शिवाय एवढं धूड मॉलच्या आत उभारायचं कशाला, आणि उलटी झालेली माणसं खाली पडत कशी नाहीत? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या जावयांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि मुलीच्या मैत्रिणींचं पूर्ण बरोबर आहे. त्या रोलर कोस्टरचं नाव माइंडबेंडर. तो २० डिसेंबर १९८५ रोजी सुरू झाला. १४ जून १९८६ रोजी त्यावर भीषण अपघात झाला आणि त्यात तिघांचा जीव गेला. मात्र तो कायमचा बंद पडला तो जानेवारी २०२३ मध्ये. मधली सुमारे ३६ वर्षं तो लोकांना घेऊन फिरत होता. तेव्हा 'अपघात झाला म्हणून बंद पडला' हा समज आधी बाजूला ठेवू आणि तुमच्या शंका एकेक करून घेऊ.

पहिली शंका, मॉलच्या आत कशाला? याचं उत्तर एडमंटनच्या हवामानात आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातलं हे शहर. हिवाळ्यात इथलं तापमान कधी कधी उणे ३० अंशांपर्यंत उतरतं. अशा थंडीत उघड्यावरची करमणूक वर्षातले बरेच महिने बंद ठेवावी लागते. करमणूक छताखाली आणली तर बाराही महिने चालते, आणि राइडसाठी आलेली माणसं जाता जाता खरेदीही करतात. गेरमेझियन बंधूंनी इथे वेस्ट एडमंटन मॉल उभारला तो याच हिशेबाने. हे कुटुंब मूळचं इराणचं. मॉलचा पहिला भाग सप्टेंबर १९८१ मध्ये उघडला आणि १९८३ मध्ये त्यात करमणुकीचा भाग आला. पुढे या मॉलमध्ये बर्फावर स्केटिंग करण्याची जागा, लाटांचं वॉटर पार्क आणि पाण्याखाली फिरवणाऱ्या चार पाणबुड्याही आल्या. बरीच वर्षं तो जगातला सर्वांत मोठा मॉल मानला जात होता.

इथे एक छोटा गोंधळ दूर करतो, कारण जुने आणि नवे उल्लेख वाचताना तुम्हीही त्यात अडकाल. त्या करमणूक विभागाचं नाव आधी 'फँटसीलँड' होतं. हे नाव डिस्नेच्या उद्यानांमध्येही आहे, म्हणून डिस्नेने कोर्टात दावा लावला आणि १९९५ मध्ये मॉलने नाव बदलून 'गॅलेक्सीलँड' केलं. अपघाताच्या बातम्यांत फँटसीलँड दिसतं आणि बंद पडल्याच्या बातम्यांत गॅलेक्सीलँड, पण जागा एकच आहे.

मॉलमध्ये रोलर कोस्टर ही कल्पना मात्र एडमंटनची नव्हे. अमेरिकेत शिकागोजवळ बोलिंगब्रुक इथे १९७५ मध्ये 'ओल्ड शिकागो' नावाचा मॉल उघडला होता आणि त्याच्या मधोमध मळसूत्री फिरकी देणारा 'शिकागो लूप' कोस्टर होता. तिथली करमणूक १९८० मध्ये बंद झाली. कोस्टर मात्र भंगारात गेला नाही. तो न्यू हॅम्पशरमधल्या कॅनोबी लेक पार्कमध्ये जाऊन १९८७ ते २०२१ इतकी वर्षं उघड्यावर चालला. बंदिस्त कोस्टर बंद पडतो तेव्हा पुष्कळदा दोष कोस्टरचा नसतो, त्याला सांभाळणाऱ्या इमारतीचं गणित बिघडलेलं असतं. शिकागो लूपच्या बाबतीत तेच झालं. माइंडबेंडरची कथा याहून वेगळी आहे.

माइंडबेंडर बनवला तो जर्मनीच्या आंटोन श्वार्झकोफ यांच्या कंपनीने आणि त्याची गणितं मांडली वेर्नर श्टेंगेल या अभियंत्याने. ही जोडगोळी त्या काळी या क्षेत्रात नावाजलेली होती. त्यांचा 'ड्रायर लूपिंग' नावाचा तीन लूपचा कोस्टर १९८४ पासून जर्मनीतल्या जत्रांमधून फिरत असे. दर मुक्कामाला सुटे भाग बोल्टने जोडायचे आणि जत्रा संपली की पुन्हा उतरवून ट्रकवर चढवायचे, अशी त्याची बांधणी होती. माइंडबेंडर म्हणजे त्याचंच भावंड. मांडणी तीच, पण डावी-उजवी बाजू उलटवलेली, उंची थोडी जास्त आणि शेवटी भर घातलेली काही गोल वळणं.

जत्रेसाठी आखलेली मांडणी मॉलला का चालली, हे लक्षात घ्या. जत्रेत मोकळं मैदान मिळत नाही, मिळेल तेवढ्या चौकोनात सगळं बसवावं लागतं. त्यामुळे रूळ लांबवर न पसरता एकमेकांच्या वरून, खालून आणि मधून जातात. इमारतीतही अडचण तीच असते. चहूकडे भिंती, वर छत आणि मध्ये छताचा भार पेलणारे काँक्रीटचे खांब. माइंडबेंडरचा १२८० मीटर लांबीचा रूळ या खांबांमधून वाट काढत जायचा. त्याची उंची ४४ मीटर होती, म्हणजे साधारण चौदा मजली इमारतीएवढी. 'मॉलमधली राइड म्हणजे लहान मुलांचं चक्र' असा आपला समज असतो. माइंडबेंडर सुरू झाला तेव्हा छताखालचा इतका उंच कोस्टर जगात दुसरा नव्हता.

आता दुसरी शंका, माणसं पडत कशी नाहीत? त्याआधी गाडी चालते कशी ते पाहू, कारण एक उत्तर दुसऱ्यावर उभं आहे. अशा कोस्टरच्या गाडीला इंजिन असतं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. यंत्र गाडीला फक्त पहिल्या चढावर वर नेतं आणि तिथून सोडून देतं. पुढचा सगळा प्रवास गाडी त्या उंचीच्या जोरावर करते. माइंडबेंडरचा पहिला उतार ३८.७ मीटरचा होता. घर्षण आणि हवेचा विरोध अजिबात नसता तर इतकं खाली आल्यावर गाडीचा वेग शाळेतल्या सूत्राने ताशी ९९ किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात तो ताशी सुमारे ९७ किलोमीटर होता. म्हणजे पहिल्या उतारात घर्षणाने फारच थोडा वेग खाल्ला. पण पुढे दर वळणाला, दर चढाला थोडा थोडा वेग खर्च होत जातो आणि वाटेत तो भरून काढायला काहीच नसतं. पहिल्या चढावर मिळालेल्या भांडवलातच शेवटपर्यंतचं भागवायचं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, अपघाताचं कारण समजायला तो लागेल.

आता लूपमध्ये गाडी उलटी होते त्या क्षणाकडे वळू. जत्रेतला 'मौत का कुआँ' तुम्ही पाहिला असेल. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकलवाला आडवा फिरतो आणि खाली पडत नाही, कारण वेगामुळे तो भिंतीवर दाबला जातो. त्याने वेग कमी केला तर तो घसरेल. लूपमध्ये हाच न्याय लागू होतो, फक्त भिंतीच्या जागी रूळ असतो. वेगात असलेली वस्तू सरळ रेषेत जायला बघते, रूळ तिला सतत आत वळवतो आणि त्या ओढाताणीत माणूस आसनावर दाबला जातो. समजा लूपच्या माथ्यावरच्या वळणाची त्रिज्या ६ मीटर आहे. तिथे गाडीचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटरहून जास्त असला की डोकं खाली असूनही माणूस आसनाला चिकटलेला राहतो. तेव्हा नेहमीच्या फेरीत माणसाला जागेवर धरून ठेवतो तो वेग. पट्टा आणि दांडा असतात ते वेगाने दगा दिला तर, आणि इतर धक्के-हिसके सोसण्यासाठी.

इथे कोणीही विचारेल की मग खूप वेग द्यावा, म्हणजे काळजी मिटली. तसं करता येत नाही. लूप अगदी गोल असेल तर माथ्यावर जेमतेम पुरेल इतका वेग ठेवला तरी तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाचा गोल लूपचा कोस्टर होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. श्टेंगेल यांनी यावर उपाय काढला तो आकार बदलून. लूप गोल ठेवायचा नाही, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता आणि खाली पसरट करायचा. तळाशी वेग जास्त, तर तिथे वळण सैल. माथ्यावर वेग कमी, तर तिथे वळण घट्ट. त्यामुळे दाब एकदम आदळत नाही, हळूहळू चढतो आणि उतरतो. कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन' या श्वार्झकोफ यांच्या कोस्टरमध्ये १९७६ साली हा लूप पहिल्यांदा यशस्वी झाला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. माइंडबेंडरमध्ये असे तीन लूप होते. तरीही त्याचा सर्वाधिक दाब ५.२ पट होता, म्हणजे ६० किलोच्या माणसाला क्षणभर आपलं वजन ३०० किलोच्या पुढे गेल्यासारखं वाटायचं. तो सौम्य कोस्टर नव्हताच.

श्वार्झकोफ यांच्या कोस्टरमध्ये त्या काळी मांडीवर येणारा एक आडवा दांडा, एवढीच आवळणी असे. तो निष्काळजीपणा नव्हता. लूपचा आकार नीट असेल तर माणूस आसनावर दाबलेलाच राहतो, हे गणित खरं होतं. पण त्या गणितात एक गृहीतक होतं. गाडी रुळावर असेल आणि तिला अपेक्षित वेग असेल, तरच ते लागू. १४ जून १९८६ च्या शनिवारी संध्याकाळी नेमकं हे गृहीतक मोडलं.

काय झालं ते समजायला चाकांकडे जवळून पाहावं लागेल. कोस्टरच्या डब्याला आगगाडीसारखी नुसती रुळावर टेकलेली चाकं नसतात. चाकांचे तीन प्रकार एकत्र बसवलेले असतात. एक चाक रुळाच्या वर धावतं आणि भार पेलतं. दुसरं बाजूने टेकतं आणि डब्याला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. तिसरं रुळाच्या खालून टेकतं आणि डब्याला वर उचलू देत नाही. तिन्हींनी मिळून रुळाची नळी जणू मुठीत धरलेली असते. हा सगळा संच डब्याला बोल्टने जोडलेला असतो. म्हणजे डबा रुळावर राहतो तो शेवटी त्या मोजक्या बोल्टच्या भरवशावर.

त्या संध्याकाळी चार डब्यांच्या गाडीच्या शेवटच्या डब्याचा एक चाकांचा संच बोल्ट निखळल्यामुळे सुटला. डबा रुळावरून घसरला, पण पुढच्या डब्यांना जोडलेला असल्यामुळे त्यांच्यामागे फरपटत, हेलकावे खात, आजूबाजूच्या सांगाड्यावर आदळत गेला. त्या धक्क्यांत त्याच्या आसनांवरचे दांडे उघडले आणि माणसं बाहेर फेकली गेली. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा इथे येतो. फरपटणाऱ्या डब्याने गाडीचा वेग खाल्ला आणि वाटेत वेग भरून काढायची सोय नव्हती. गाडी तिसऱ्या लूपवर चढली, पण माथा ओलांडण्याइतका जोर उरला नव्हता. ती उलटी मागे घसरली आणि शेवटचा डबा काँक्रीटच्या खांबावर आदळला. तीन जण मृत्युमुखी पडले, चौथा मरता मरता वाचला आणि इतर अनेकांना दुखापती झाल्या. मजेसाठी आलेली माणसं होती ती, आणि कोस्टर सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

या अपघाताबद्दल एक समज असा आहे की लूपमध्ये उलटं झाल्यामुळे माणसं पडली. क्रम नीट लावला की हे चूक असल्याचं कळतं. आधी बोल्ट गेले, मग चाकांचा संच, मग डबा रुळावरून घसरला, मग दांडे उघडले, मग वेग गेला आणि सर्वांत शेवटी लूप आला. म्हणजे कारण पाहायचं ते चाकाजवळ. सार्वजनिक चौकशी झाली, तिचाही रोख तिथेच होता. चाकांच्या जोडणीच्या रचनेतले दोष तिच्यात पुढे आले. शिवाय यंत्राचे तांत्रिक कागद जर्मन भाषेत होते आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर झालेलं नव्हतं. श्वार्झकोफ यांची कंपनी त्याच सुमारास दिवाळखोरीत गेली होती. यंत्र बनवणारा एका देशात, चालवणारा दुसऱ्या देशात आणि मधला ज्ञानाचा दुवा कच्चा, अशी ती अवस्था होती. यंत्र विकत घेताना त्याच्या देखभालीची माहितीही आपल्या कामगारांना वाचता येईल अशा भाषेत हातात पडली पाहिजे. ती पडली नाही तर यंत्र अर्धंच विकत घेतलं, असं मी म्हणेन.

आता तुमची तिसरी शंका, मग तो पुन्हा सुरू कसा झाला? जानेवारी १९८७ मध्ये तो सुरू झाला तो बदललेल्या रूपात. गाड्या नव्याने आखल्या. चारऐवजी तीन डबे ठेवले, म्हणजे एका फेरीला सोळाऐवजी बारा माणसं. प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा आला आणि खांद्यांना आधार देणारी रचना आली. गाडी मागे घसरू नये यासाठीही व्यवस्था केली. बदलांमागचा विचार सरळ आहे. आधीचं गणित 'गाडी रुळावर आणि वेगात आहे' असं धरून चाललेलं होतं. नवे बदल 'यातलं एखादं चुकलं तर काय' या प्रश्नाला उत्तर देतात. एक आधार निखळला तर दुसरा असावा, हे शहाणपण तीन जिवांची किंमत मोजून आलं. त्यानंतर तो २०२३ पर्यंत चालला.

मग बंद का झाला? ३० जानेवारी २०२३ रोजी मॉलने माइंडबेंडर निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी सांगाडा उतरवला गेला. त्यामागे नवा अपघात नव्हता. अशा यंत्रांना वय असतं. दर फेरीला लोखंडावर ताण येतो आणि जातो, असे लाखो हेलपाटे झाले की धातू थकतो आणि बारीक चिरा पडू लागतात. भाग बदलावे लागतात, पण मूळ कंपनी उरलेली नसते, म्हणून एकेक भाग मुद्दाम घडवून घ्यावा लागतो. सदतीस वर्षांचा कोस्टर या क्षेत्रात वयस्कच म्हणायचा. शिवाय मॉलच्या आत जागा मोजकी, नवं काही आणायचं तर जुनं हलवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

तुमच्या जावयांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा, कारण त्यांची काळजी अस्थानी नाही. माइंडबेंडरचं भावंड, जर्मनीच्या जत्रांतला ड्रायर लूपिंग, पुढे देशोदेशी विकला गेला. इंग्लंडमध्ये तो 'मॅग्नम फोर्स' या नावाने होता आणि २००७ पासून मेक्सिको शहरातल्या चापुल्तेपेकच्या करमणूक उद्यानात 'किमेरा' या नावाने. २८ सप्टेंबर २०१९ रोजी किमेराचा शेवटचा डबा रुळावरून घसरला आणि दोघांचा मृत्यू झाला. तपासात देखभालीतल्या त्रुटी पुढे आल्या आणि ते उद्यानच कायमचं बंद झालं. मांडणी तीच, घसरला तोही शेवटचाच डबा, आणि दोन्ही घटनांमध्ये ३३ वर्षांचं अंतर. एडमंटनमध्ये बदल झाले आणि यंत्र सुखरूप म्हातारं झालं. धडा एका ठिकाणी शिकला म्हणून दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही. तो दर नव्या मालकाला, दर नव्या कामगाराला मुद्दाम शिकवावा लागतो.

याच विषयावर इतर वाचकांचे दोन प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं इथेच देतो.

प्रश्न : गाडीत जाडजूड माणसं बसली तर ती जास्त जोरात पळते का? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : शाळेतल्या सूत्राप्रमाणे नाही. उतारावरून मिळणारा वेग उंचीवर ठरतो, वजनावर नाही. पण प्रत्यक्षात हवेचा विरोध असतो, आणि भरलेल्या गाडीपुढे तो त्या मानाने किरकोळ ठरतो. त्यामुळे भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा थोडी वेगात जाते. थंडीत वंगण घट्ट होतं आणि गाडी मंदावते, तापलं की ती मोकळी धावते. मॉलमध्ये तापमान सारखं राहतं, म्हणून हा फरक कमी पडतो. नव्या कोस्टरची चाचणी घेताना आसनांवर पाण्याने भरलेले माणसांच्या आकाराचे पुतळे बसवतात आणि रिकामी व भरलेली अशा दोन्ही गाड्या फिरवून पाहतात. अगदी सावकाश गाडीसुद्धा लूपचा माथा ओलांडते आणि अगदी वेगवान गाडीतही दाब मर्यादेत राहतो, ही खात्री पटली तरच माणसांना बसू देतात.

प्रश्न : खोपोलीच्या इमॅजिकात 'नायट्रो' उघड्यावर आहे आणि 'डीप स्पेस' बंदिस्त, अंधारात. मुलांना कशात बसवणं जास्त सुरक्षित? — एक वाचक, पनवेल

उत्तर : छत आहे की नाही यावरून सुरक्षितता ठरत नाही. बंदिस्त कोस्टरला पाऊस, वारा आणि गंज यांचा त्रास कमी. पण भिंती आणि खांब जवळ असतात, म्हणून प्रवाशाच्या हातापायांना पुरेल एवढी मोकळी जागा रुळाभोवती राखावी लागते. ती मापं प्रवासी जागेवर बसलेला आहे असं धरून काढलेली असतात. म्हणून हात बाहेर काढू नका, उभे राहू नका ही सूचना दोन्हीकडे मनापासून पाळायची.

मुलाची उंची कमी भरली आणि चालकाने नकार दिला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. दांडा आणि पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात. मूल त्यात सैल बसलं तर आवळणीचा उपयोग उरत नाही. मोबाइल आणि चष्मा जमिनीवर ठेवून जा. वेगाने सुटलेली छोटी वस्तूही मागच्याच्या तोंडावर दगडासारखी बसते.

एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चांगल्या ठिकाणी सकाळी लोकांना आत घेण्याआधी रिकाम्या गाड्या फिरवल्या जातात आणि रुळाच्या कडेने माणसं पायी तपासणी करतात. महत्त्वाच्या बोल्टवर एक रंगीत रेघ ओढलेली असते, ती बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर उतरते. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि तपासनीसाला हातात पाना घेण्याआधी दोष कळतो. रांगेत उभं असताना फेऱ्या मध्येच थांबल्या आणि 'तपासणी चालू आहे' असं सांगितलं, तर वैतागू नका, मुलांनाही त्याचं कारण समजावून सांगा. आपल्या अर्ध्या तासापेक्षा त्या माणसाची ती नजर जास्त मोलाची आहे, आणि तिला हवा तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.